पहिल्या चेहऱ्याची कॅसेट

१

“तिचा तुकडा पुसलाय कुणीतरी,” मालक फोनवर म्हणाला. “पुढच्या बातम्या शाबूत आहेत, पण तिचा तुकडा गेला. कुणी पुसला तेही मला ठाऊक आहे. तू फक्त ये आणि त्याच्याकडून वदवून घे.”

माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. मी म्हटलं, “ती म्हणजे कोण? आणि कसला तुकडा?”

“माझी बायको. पहिल्या दिवसाची कॅसेट. ये लवकर.” आणि त्याने फोन ठेवला.

मालक हा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं स्वतःचं टीव्ही स्टेशन आहे, म्हणून सगळे त्याला मालक म्हणतात. टीव्ही स्टेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. हे तसलं नाही. खाली रेडिओ दुरुस्तीचं दुकान, दुकानाच्या पोटातून वर जाणारा अरुंद जिना आणि वर तीन खोल्या. एकीत बातम्या वाचतात, दुसरीत चित्रं कापतात आणि जोडतात, तिसरीत मालक बसतो. तरुणपणी लोकांचे रेडिओ उघडता उघडता त्याच्या डोक्यात किडा शिरला की आपल्या शहराची गोष्ट आपल्याच पडद्यावर दिसली पाहिजे. धाकट्या भावाने भंगारातल्या सुट्या भागांतून प्रक्षेपणाचं यंत्र जुळवलं. लग्नाचे फोटो काढणारा एक ओळखीचा माणूस उसना कॅमेरा घेऊन आला. समोरच्या शाळेत कविता म्हणणारी एक मुलगी बातम्या वाचायला तयार झाली. एवढ्यावर स्टेशन उभं राहिलं आणि मोठमोठी स्टेशनं आली तरी पडलं नाही. कुणाची गाय हरवली, कुठल्या गल्लीत पाणी येणार नाही, हे मोठ्या स्टेशनवर कोण सांगणार?

मी फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता दर रविवारी तिथेच बसून लोकांना फसवणुकीपासून सावध करतो. लोक मन लावून ऐकतात आणि सोमवारी फसतात.

त्या दिवशी स्टेशनचा वाढदिवस होता. संध्याकाळी स्टेशनच्या जन्माची गोष्ट दाखवायची होती आणि तिची सुरुवात होणार होती त्या पहिल्या दिवसाच्या कॅसेटने. मी जिना चढत होतो तेव्हाच वरून मालकाचा आवाज आला.

“चालता हो! आजच्या आज! इतकी वर्षं घरात घेतलं तुला, ताटाला ताट लावून जेवायला बसवलं!”

कापण्याच्या खोलीत तो लालबुंद होऊन उभा होता. त्याच्यासमोर, मान खाली घालून, बगळा.

२

बगळा म्हणजे स्टेशनचा कॅमेरावाला. तोच तो, उसना कॅमेरा घेऊन आलेला. चित्र घेताना एका पायावर भार देऊन असा निश्चल उभा राहतो की ते नाव त्याला पहिल्याच वर्षी चिकटलं. लग्न केलं नाही, दुसरीकडे नोकरी शोधली नाही. या तीन खोल्यांतच त्याचे केस पिकले. त्याला इथून काढणं म्हणजे भिंत काढण्यासारखंच होतं.

“मी नाही पुसली,” तो मला म्हणाला. “फौजदार, माझ्या हातचं पहिलं चित्र आहे ते. मी कशाला पुसेन?”

“मग काय मी पुसलं?” मालक गरजला आणि आपल्या खोलीत जाऊन त्याने दार आपटलं.

मी कॅसेट हातात घेतली. जुन्या पद्धतीची, जाडजूड, पाठ्यपुस्तकाएवढी. अशा कॅसेटच्या पाठीला एक लाल बटण असतं. ते काढून टाकलं की तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. जपून ठेवायच्या कॅसेटचं बटण इथे लगेच काढतात आणि टेबलावरच्या काचेच्या बरणीत टाकतात. या कॅसेटचंही काढलेलं होतं, हे सगळ्यांना माहीत. आता मात्र बटण जागेवर होतं. म्हणजे कुणीतरी बरणीतून एक घेऊन बसवलं होतं. चुकून पुसलं गेलं असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

“नक्कल नाही हिची?” मी विचारलं.

“उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलं,” बगळा म्हणाला. “हे यंत्र एवढं एकच चालू आहे. काल मी म्हटलं, मालक, दाखवायच्या आधी नक्कल करू या. तर म्हणाले, आधी मला बघू दे.”

कपाटाची किल्ली मालकाच्या दारामागच्या खिळ्याला असते. ती घेऊ शकणारी माणसं चार: मालकाचा धाकटा भाऊ, बगळा, बातम्या वाचणाऱ्या ताई आणि डबा घेऊन रोज येणाऱ्या वहिनी, म्हणजे मालकाची बायको. काल दिवसभरात चौघंही इथे येऊन गेले होते.

मी ताईंपासून सुरुवात केली. त्यांच्या दारावर अजून पाटी आहे: ‘पहिला चेहरा’.

३

ताई आरशासमोर बसून होत्या. केस काळेभोर, आवाज अजून खणखणीत.

“माझ्यावरच येणार संशय,” त्या आरशातूनच म्हणाल्या. “या, बसा. चहा घेणार?”

“तुमच्यावर का यावा?”

“वेड घेऊन पेडगावला जाऊ नका, फौजदार. इतकी वर्षं दर वाढदिवसाला मालक सांगत आलेत, या स्टेशनवर पहिल्यांदा दिसल्या त्या या. आणि परवा बगळ्याला साक्षात्कार झाला. म्हणे, माझ्याआधी वहिनी दिसल्या होत्या.”

“दिसल्या होत्या?”

त्यांनी पावडरचा डबा जरा जोरातच बंद केला. “माझी बस चुकली होती. चित्र समोरपर्यंत पोचतंय का ते बघायला कुणीतरी खुर्चीत बसायला हवं होतं. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना बसवलं. तेव्हा खुर्चीत मांजर बसलं असतं तर मांजर पहिला चेहरा?”

“तुम्हाला राग आला.”

“आला की! त्या बाईला घर आहे, नवरा आहे, मुलंबाळं आहेत. माझ्याकडे दारावरची एक पाटी. तीही तिलाच द्यायची?” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “पण एक सांगते. मी पुसायला घेतलं असतं तर आधी तिचा आवाज पुसला असता. बसल्या बसल्या काय बडबडली होती म्हणे, बगळा सांगत होता. मी पहिली बोलले, निदान एवढं तरी माझं राहिलं असतं.”

मी उठलो तेव्हा त्या पुन्हा आरशात बघत होत्या. आरशातल्या बाईचंही त्यांना फारसं पटत नव्हतं, असं वाटलं.

४

वहिनी खालच्या दुकानात, जुन्या रेडिओंच्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वरचं भांडण त्यांनी ऐकलं होतं.

“ताईंनी पुसलं, दुसरं कोण?” त्या म्हणाल्या. “आज मी दिसणार म्हटल्यावर तिच्या पोटात दुखलं.”

“आणि तुमच्या पोटात इतकी वर्षं काहीच दुखलं नाही?”

त्या हसल्या. हसल्या की अजून एकदम तरुण दिसतात. माझी बायको गेली तेव्हापासून घरात असं कुणी हसत नाही, म्हणून मला ते जास्त जाणवत असेल.

“दुखलं तर! दरवर्षी वाढदिवसाला हे स्वतःच्या रुमालाने तिची खुर्ची पुसतात. स्वतःच्या रुमालाने! आणि घरी खुर्चीवर पडलेले ह्यांचे कपडे मी उचलते. एकदा मी मुद्दाम त्यांच्यावरच बसले. तर म्हणाले, अगं, इस्त्री मोडेल.”

“म्हणजे तुम्हाला दिसायचं होतं.”

“दिसायचं होतंच. एकदा तरी शहराने बघावं, आधी कोण होतं ते. पण काल जेवताना मी विचारलं, कशी दिसते हो मी त्यात? तर उत्तर नाही. घास तसाच हातात. आणि मग विचारतात काय, तर बगळ्याने लग्न का केलं नसेल गं?”

“असं विचारलं?”

“हो ना. मी म्हटलं, मला काय माहीत, त्याला विचारा. तर ताटावरून उठले. भाजीत मीठ जास्त झालं असेल म्हणून मी चाखून बघितली. मीठ बरोबर होतं.”

मला त्या क्षणी वर जाऊन बगळ्याला एकच प्रश्न विचारायचा होता.

५

बगळा कॅमेऱ्याची काच पुसत होता. सामान आवरायला सांगितल्यावर माणूस आधी काय उचलतो त्यावरून बरंच कळतं. त्याने स्वतःचा डबा किंवा छत्री उचलली नव्हती.

“काल मालकांनी कॅसेट बघितली तेव्हा तू होतास?”

“मीच लावून दिली. आजवर ते नेहमी बातम्यांपासून लावायचे. चाचणीचा भाग त्यांनी कधी बघितलाच नव्हता. मी म्हटलं, अगदी सुरुवातीपासून बघा, वहिनी काय छान आल्यात.”

“मग?”

“बघितलं. परत मागे घेतलं, परत बघितलं. एका जागी चित्र थांबवून नुसते बघत बसले. वहिनी हसतात ना, तिथे. मी म्हटलं, मालक, असं हसू मला नंतर कुणाचंच मिळालं नाही.” त्याने काचेवर फुंकर मारली. “खरं आहे ते. जन्मभर लोकांना हसा हसा म्हणतोय.”

“ते काय म्हणाले?”

“काहीच नाही. मला नदीच्या पुलाची चित्रं आणायला पाठवलं. पुलाला काय झालंय? पूल आहे तसाच आहे.”

“आणि आज सकाळी?”

“सकाळी सगळे जमलो. लावली तर काळा पडदा. थोडा वेळ बघितलं आणि मालकांनी यंत्र बंद करून माझ्याकडे बोट दाखवलं.”

“पुढे कुणी बघितलं?”

“नाही. कॅसेट तशीच आत होती. तुम्ही आल्यावर मी तुमच्या हातात दिली.”

मी कॅसेट घेऊन कापण्याच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. रविवारच्या कार्यक्रमामुळे ते यंत्र मला चालवता येतं. लावलं. काळा पडदा. बघत बसलो. बऱ्याच वेळाने काळोख संपला आणि तरुण ताई अवतरल्या, बातम्या सुरू झाल्या. एक ओळही गेलेली नव्हती. ज्याने पुसलं त्याने ताई खुर्चीत बसायच्या नेमकं आधी हात आवरला होता.

म्हणजे बातम्या शाबूत होत्या. आणि हे आत्ता, पहिल्यांदा, मला कळत होतं. मग सकाळी, मी दाढी करत असताना, ते फोनवर सांगणाऱ्याला कसं कळलं होतं?

नोकरीत चोर पकडायची मला घाई असायची, पण इथे चोर हाती लागू नये असं वाटत होतं.

मी कॅसेट परत सुरुवातीला नेली आणि पुन्हा काळ्या पडद्याकडे बघत बसलो. तेव्हा यंत्राच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक सुया मला दिसल्या. आवाजाचा जोर दाखवणाऱ्या.

सुया हलत होत्या.

६

या खोलीत आवाज कुणी लावत नाही. मालकाची ती जुनी शिस्त. तो सगळ्यांना बजावतो, चित्र आधी मुकं बघा. मुकं असून कळलं तर ते चित्र. आवाजाच्या बटणावर त्याने कधीकाळी चिकटपट्टी मारलीय, ती पिवळी पडली तरी कुणी काढली नाही. मी नखाने ती सोलली आणि बटण फिरवलं.

काळ्या पडद्यातून वहिनी बोलल्या. आजच्या नाहीत, तेव्हाच्या.

“झालं का सुरू? मी काय करू? नुसती बसू?”

मी पुढचं सगळं ऐकलं. मग यंत्र बंद केलं. ते ऐकण्याचा पहिला हक्क माझा नव्हता.

गच्चीवर मालकाचा धाकटा भाऊ अँटेनाच्या दांड्याला तेल लावत होता. दोघा भावांत बोलणं कमी. यंत्र धाकट्याने बनवलं, पण शहरात नाव झालं थोरल्याचं. संध्याकाळच्या गोष्टीत त्याच्या वाट्याला एक ओळ आली होती.

“मला विचारू नका,” तो म्हणाला. “मी पुसलं असतं तर ते भाषण पुसलं असतं. बातम्यांनंतर दादा येतो आणि सांगतो की मी हे यंत्र उभं केलं. मी! तेव्हा मी खाली तारा धरून बसलो होतो, झटके खात. ते भाषण आहे ना जागेवर?”

“आहे.”

“मग झालं तर.” तो तेलाची बाटली बंद करायला लागला.

“एक सांगा. जुन्या कॅसेटवर नवीन भरताना तुमच्यात कोण काय करतं?”

“चित्राचं बटण वेगळं, आवाजाचं वेगळं. चित्राचं दादा दाबतो, आवाजाचं मी. पहिल्यापासून तसंच. एकदा त्याने माझ्या बटणाला हात लावला म्हणून मोठं भांडण झालं. त्यानंतर त्याने आवाजाला आणि मी चित्राला हात लावलेला नाही.”

“आणि बगळा?”

“त्याला काय, तो एकटा असला की दोन्ही दाबतो. त्याला कुणाशी भांडायचंय?”

मी कठड्याला टेकून खाली बघितलं. रस्त्यापलीकडे बेकरी, तिचं धुराडं, तिची सपाट गच्ची. आणि आमच्या भिंतीत, बातम्यांच्या खोलीच्या जागी, बंद केलेल्या खिडकीची चौकट. आतून तिच्यावर आवाज अडवायच्या फळ्या मारल्यात, म्हणून आत बसणाऱ्याला तिथे खिडकी होती हे आठवतही नाही.

“ही खिडकी तेव्हा उघडी होती?”

“होती की. कॅमेऱ्याच्या पाठीमागे. वारा यायचा त्यातून. का हो?”

“काही नाही,” मी म्हटलं. “सगळ्यांना कापण्याच्या खोलीत बोलवा. वहिनींनाही.”

७

कापण्याच्या खोलीत सहा माणसं मावत नाहीत. ताई दारात उभ्या राहिल्या, धाकटा खोक्यावर बसला, बगळा कोपऱ्यात. मालक मधल्या खुर्चीत. वहिनी त्याच्या मागे, डबा अजून हातात.

“चारचौघांत नाव घेतलंस, म्हणून चारचौघांतच सांगतो,” मी मालकाला म्हटलं. “बगळ्याने पुसलं नाही.”

“तूही त्याच्याकडचा!”

“आधी ऐक. ज्याने पुसलं त्याने नेमका वहिनींचा तुकडा पुसला आणि ताईंच्या आधी थांबला. ताईंना राग होता, कबूल. पण ताईंनी आवाज ठेवला नसता.”

“आवाज?” मालकाने वर बघितलं.

“आवाज आहे. पुसलंय ते फक्त चित्र. धाकट्याने पुसलं असतं तर तुझं भाषण पुसलं असतं, आणि आवाज तर त्याचाच प्रांत; तो विसरणार नाही. बगळा दोन्ही बटणं दाबतो. वहिनींना यंत्र चालवता येत नाही, आणि त्यांना तर दिसायचंच होतं. या खोलीत एकच माणूस असा आहे जो जन्मभर फक्त चित्राचं बटण दाबत आला. जो आवाज बंद ठेवून बघतो. ज्याला सकाळी, कुणीही कॅसेट पुढे नेण्याआधी, बातम्या शाबूत असल्याचं माहीत होतं.”

मालकाच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरत गेला. ताईंनी दाराची चौकट धरली.

“अहो,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही?”

मग मालक बोलला तेव्हा तो माझ्याशी बोलत नव्हता, समोरच्या काळ्या पडद्याशी बोलत होता.

“आज सगळं शहर बघणार होतं. ही त्याच्याकडे कशी बघते ते. मला इतक्या वर्षांत कधी... असं हसू तिने मला कधी दिलं नाही. मी इकडे तारा आणि यंत्रं घेऊन मरतोय, आणि ही त्याच्याकडे बघून असं हसते. आणि तो लग्न न करता जन्मभर माझ्या दारात उभा!”

“मालक!” बगळ्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. “काय बोलताय!”

“मी उभा राहिलो कारण इथे कॅमेरा होता,” तो मग हळूच म्हणाला. “दुसरं काय होतं मला?”

वहिनींनी डबा टेबलावर ठेवला. एवढा जोरात, की बरणीतली लाल बटणं खुळखुळली. “मला विचारायचंत ना! काल घास हातात घेऊन बसलात, तेव्हा विचारायचंत!”

“काय विचारायचं? दिसत होतं की!”

“दिसत होतं,” मी म्हटलं. “मुकं दिसत होतं. आता न बघता ऐक.” आणि मी बटण पूर्ण फिरवलं.

पडदा काळाच. खुर्ची करकरली. वहिनींचा कोवळा आवाज आला: “झालं का सुरू? मी काय करू? नुसती बसू?”

मग तरुण बगळा: “बसा नुसत्या. समोर बेकरीच्या गच्चीवर मालक टीव्ही घेऊन उभे आहेत. चित्र तिकडे पोचलं की टॉवेल हलवणार.”

शांतता. कुठेतरी सायकलची घंटा. आणि एकदम:

“अगंबाई! हलवताहेत! टॉवेल हलवताहेत! आलं हो, आलं चित्र! अहो, कठड्यावर कशाला चढताय, पडाल ना! बघा तरी, नाचताहेत नुसते! टॉवेल गेला खाली! वेडे आहेत का हे!” आणि ते हसू. न दिसणारं, पण खोलीभर.

“वहिनी, तिकडे नको, कॅमेऱ्यात बघा.”

“कॅमेऱ्यात काय बघायचंय? माझा माणूस तिकडे आहे.”

मी यंत्र बंद केलं नाही. ते आपोआप पुढे गेलं, ताई आल्या, बातम्या सुरू झाल्या. कुणी तिकडे बघत नव्हतं.

“खिडकी,” मालक पुटपुटला. “कॅमेऱ्याच्या मागे खिडकी होती.”

“होती,” मी म्हटलं. “तू पडद्यावर चित्र बघितलंस आणि त्याच्याकडे पाठ करून टॉवेल हलवायला धावलास. ती हसली ते तुझ्या पाठीमागच्या टीव्हीवर. म्हणून तुला ते कधी दिसलं नाही. काल दिसलं, आणि तू पुसून टाकलंस.”

८

संध्याकाळी गोष्ट दाखवली. तिची सुरुवात कशी करायची यावर दुपारभर वाद झाला. बगळा म्हणाला, वहिनींना पुन्हा खुर्चीत बसवू, मी पुन्हा घेतो. वहिनी साफ नाही म्हणाल्या. “तसं हसायला समोर एक पडायला आलेला माणूस लागतो. आणि ह्यांचे गुडघे बघा.”

मालकाने दुपारी बगळ्याची माफी मागितली. कशी मागितली ते मी ऐकलं नाही, दार बंद होतं. दार उघडलं तेव्हा बगळा नाक पुसत होता आणि मालक त्याचा कॅमेरा उचलून उभा होता, उलटा धरून. धाकट्याच्या वाट्याची ओळ वाढून चांगली तीन मिनिटांची झाली, आणि ती मालकाने स्वतः वाचली.

शेवटी काळा पडदाच दाखवायचं ठरलं, आवाजासकट. आधी ताई आल्या. त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला आणि म्हणाल्या, “या स्टेशनवर पहिला चेहरा माझा, असं तुम्ही आजवर ऐकलंत. माझ्याआधी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा आता उरलेला नाही. जे उरलंय ते ऐका.” पाटी त्यांनी काढली नव्हती, काढायला कुणी सांगितलंही नाही.

काळोख सुरू झाला आणि तिन्ही खोल्यांतले फोन वाजायला लागले.

मालकाने धावत जाऊन एक उचलला. “हो, हो, चित्र नाहीय. बिघाड नाही हो. चित्र मीच घालवलं... मीच म्हणतोय, मालक. तुम्ही ऐका ना जरा!” तो ठेवला की दुसरा. “अहो आजी, टीव्हीला थापट्या मारू नका, काही उपयोग नाही. आवाज वाढवा. हां. कोण बोलतंय? माझी बायको बोलतेय.” असं म्हणताना एका हातात फोन, दुसरा हात हवेत, म्हातारा नुसता नाचत होता. फोनची तार पायात अडकली, तो अडखळला, टेबलाला धरून सावरला आणि परत ओरडायला लागला, “माझी बायको! आवाज वाढवा!”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता हसल्या.

कॅसेटमधलं ते हसू मी कधी बघितलं नव्हतं, आता कुणालाच बघता येणार नाही. पण ते असंच असणार. मला क्षणभर मालकाचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

बगळ्याने सवयीने हात वर केला, पण कॅमेरा पलीकडच्या खोलीत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

मालकाची आमच्याकडे पाठ होती. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, बघायचं काही नाही, फक्त ऐका.